एस्कोच्या दारात दोन मेणबत्त्या

रविवार, १३ ऑक्टोबर

माफ कर, वही. मे महिन्यानंतर आज उघडते आहे. उन्हाळ्यात तुझी आठवण येत नाही हे खरंच आहे. उजेड असतो तोवर मी तळ्यावर असते, रानात बेरी वेचत असते, लोकांत असते. अंधार पडायला लागला की तुझ्याकडे येते, तेही तक्रारी घेऊन. तू सवय करून घेतली असशील.

आजची तक्रार पानांची. पिवळी, लाल, काय काय म्हणून लोक फोटो काढतात. आमच्या अंगणात ती ओल्या फडक्यासारखी कुजतात, बुटाला चिकटून जिन्यात येतात, आणि जिन्याला तळघरातल्या बटाट्यांचा वास लागतो. आता मार्चपर्यंत हेच. ओलं, काळं, मग गोठलेलं काळं.

आमच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. गव्हाणे. शार्दूल आणि केतकी, नांदेडकडचे. तो सॉफ्टवेअरमधला, ती घरी, दिवस गेलेले, जानेवारीत बाळ. मला कुणाकडून कळलं? मार्केत्ताकडून. आमच्या सोसायटीची अध्यक्ष, निवृत्त शाळामास्तरीण. टपालपेटीपाशी गाठून म्हणाली, "वृंदा, तुझ्याकडची माणसं आली. तू त्यांना कचऱ्याचं समजावून सांग." सतरा वर्षं मी हेलसिंकीपासून लांबच्या या गावात राहते. सोसायटीच्या मंडळावर आहे. शहराच्या प्रयोगशाळेत हिच्या नळाचं पाणी तपासते. तरी माणसं आली की ती माझ्याकडची.

सांगितलं कचऱ्याचं. पुठ्ठा वेगळा, ओला वेगळा. केतकीने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाया पडली. जिन्यात! वरून कुणी बघत नाही ना, हे मी आधी पाहिलं. स्वतःचीच शिसारी आली.

शनिवार, १९ ऑक्टोबर

अंगणसफाई. दर शरदात असते. सगळ्यांनी खाली यायचं, पानं ओढायची, बाकडी तळघरात न्यायची, मग सॉसेज भाजून मोहरीची चटणी लावून खायचं आणि कॉफी. यायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. आलं नाही तर मात्र पुढचं वर्षभर लक्षात ठेवतात.

शार्दूल उशिरा आला, पांढरेशुभ्र बूट घालून. मला हळूच म्हणाला, "ताई, याला माणूस नाही का लावत? आपण भाडं भरतो ना?" मी म्हटलं, "खराटा धर." त्याने धरला, उदबत्तीची काडी धरावी तसा दोन बोटांत. मार्केत्ता लांबून हसत होती. मला दोघांचाही राग आला. त्याचा ढिलेपणा आणि तिचं ते हसू, दोन्ही नकोसं.

केतकी डबाभर कांदेपोहे घेऊन आली. कुणी हात लावला नाही. म्हणजे "छान दिसतंय" म्हणाले आणि सॉसेज उचललं. तिसऱ्या मजल्यावरच्या राइलीने तेवढे घेतले. चमच्यावर थोडे, चावून बघितले, मग बशी भरून वर घेऊन गेली. एस्कोसाठी.

एस्को तिचा नवरा. निवृत्त बसचालक. दरवर्षी हाच माणूस सगळ्यांना कामं वाटून द्यायचा, शेकोटी करायचा, घाण विनोद सांगायचा. या वर्षी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसला होता, गुडघ्यावर पांघरूण. डॉक्टरांनी हात टेकलेत. दवाखाना नको, घरीच, असं त्यानेच सांगितलं. अंगणातल्या सगळ्यांना हे माहीत आहे. कुणी एक शब्द काढला नाही. राइलीने त्याच्या वाटणीचीही पानं ओढली, आणि कुणी तिच्या हातातून खराटा घेतला नाही. इथे याला मान ठेवणं म्हणतात. मीही ठेवला.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी बर्फावर दोनदा आपटले तेव्हा बुटाला बांधायचे खिळे याच माणसाने माझ्या दाराला अडकवून ठेवले होते. न सांगता. मी निदान वर बघून हात तरी करायचा होता. बाकडं उचलत राहिले.

रविवार, २७ ऑक्टोबर

घड्याळं मागे. चहा व्हायच्या आत काळोख.

मार्केत्ताचा फोन. "जिन्यात तो वास येतो. उग्र. मला काही नाही ग, पण लोक बोलतात." लोक म्हणजे ती. फोनवर ती काहीतरी खात होती. रविवारी ती वेलदोड्याचा गोड पाव करते, त्याचा वास जिनाभर असतो. त्याला वास म्हणत नाहीत, त्याला घर म्हणतात.

तरी गेले खाली. का गेले? नाही म्हणता आलं असतं. केतकीला सांगितलं, फोडणी देताना दार नीट लाव, पंखा मोठ्यावर ठेव, आणि कोट आधी बाल्कनीत टांग.

"कोट कशाला?"

"कोटाला वास लागतो. बसमध्ये लोक लांब बसतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुम्ही इतकी वर्षं कोट बाहेर टांगून फोडणी देता?"

हो म्हटलं. तिला कीव आली असावी. मला त्या क्षणी ती अजिबात आवडली नाही. घरी येऊन कोट हुंगला. ओल्या लोकरीचा वास होता, बाकी काही नाही. पुन्हा हुंगला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

आज नरकचतुर्दशी. अंघोळ नेहमीचीच, ऑफिसच्या घाईची.

संध्याकाळी दुकानात गेले. दाराशीच रास मांडलेली, कबरीवरच्या मेणबत्त्यांची. परवा शनिवारी इथला मृतांचा दिवस. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या नळकांड्या, वर पत्र्याची टोपी, वाऱ्यापावसात दोन-दोन दिवस विझत नाहीत. माणसं खोक्यांनी नेतात आणि संध्याकाळी सगळं गाव कब्रस्तानात जातं. त्या दुसऱ्या कुठे कुणी लावत नाही. कुणाला सांगावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

गव्हाणे नवरा-बायको त्या राशीपाशी. दुकानाच्या ढकलगाडीत पंधरावीस तरी घातल्या होत्या. केतकी टोपी उघडून आत बघत होती, खूश. मला कळलं कशासाठी ते. दिवाळी, वारा, बाल्कनी. मीही पहिल्या वर्षी या मेणबत्त्यांकडे बघून तोच विचार केला होता, पण दुकानातल्या बाईने मला थांबवून विचारलं होतं, "कोण गेलं?"

केतकीने मला पाहिलं. मी हात केला, हसले, आणि मासळीच्या बाजूला वळले.

का? लिहून ठेवते, म्हणजे नंतर बदलता येणार नाही. रांगेत माझ्या प्रयोगशाळेतली दोघं होती. मला तिथे मोठ्याने मराठी बोलायचं नव्हतं. शार्दूलच्या अंगात ते लालभडक जाकीट, आवाज सगळ्या दुकानाला ऐकू जाणारा. मला त्यांच्यातली एक दिसायचं नव्हतं, एवढंच. मग मासळीपुढे उभं राहून स्वतःला सांगितलं, यांच्या घरीही कुणी गेलं असेल, आपल्याला काय माहीत. बाल्कनीत लावतील, कोण बघतंय.

हेरिंग घेतली. ती मला आवडतही नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. वाटीत तुपाची एक वात. खिडकीचा पडदा ओढून.

शनिवार, २ नोव्हेंबर

दिवस सकाळपासूनच घाण होता, आणि संपला त्याहून घाण. क्रमाने लिहिते.

दुपारी इथल्या मराठी मंडळाची दिवाळी, शाळेच्या व्यायामशाळेत. भिंतीला कसरतीच्या शिड्या, त्यांना झेंडूच्या कागदी माळा. निवेदन इंग्रजीत, तेही अमेरिकन थाटाचं, बोलणारा मूळचा सांगोल्याचा. चकल्या हेलसिंकीहून आलेल्या, मऊ. तीन वर्षांच्या पोरींना नऊवारी नेसवून, लिपस्टिक लावून नाचायला उभं केलं. एक रडली तर आई खालून ओरडत होती, "स्माइल कर, बेटा, स्माइल!" जेवताना एका बाईंनी विचारलं, "तुम्ही एकट्याच?" मग, "आडनाव काय म्हणालात?" आणि आडनाव कळल्यावर चेहऱ्यावर जो हिशेब जुळला तो मी इतक्या वर्षांनीही ओळखते. शेजारचा गृहस्थ सांगत होता, "या लोकांना भावनाच नाहीत हो. माणूस मेला तरी कॉफी पितात." मी ताट ठेवलं.

केतकी-शार्दूल लवकर निघाले. ती मुद्दाम माझ्यापाशी आली. "ताई, लवकर या घरी. गंमत केलीय." मला ठाऊक होतं गंमत काय ते. म्हणजे वाटत होतं, बाल्कनी. मी दुसरा चहा घेतला.

बसमधून कब्रस्तान दिसलं. झाडांखाली नुसते ठिपके, हजारो, टेकडीभर. माणसं हातात हात न घालता, न बोलता उभी. आजच्या दिवसात स्वच्छ वाटलेली तेवढीच गोष्ट.

आणि मग आमचा जिना. खालच्या पायरीपासून उजेड. प्रत्येक दारात एक, पायपुसण्याच्या कडेला, बाजूला बारीक रांगोळी. माझ्याही दारात. वर आवाज येत होते म्हणून गेले. एस्को-राइलीच्या दारात दोन.

दार उघडं होतं. राइली उंबऱ्यात उभी, कब्रस्तानातून नुकतीच आलेली, टोपीसुद्धा काढलेली नव्हती. त्या दोन मेणबत्त्यांकडे बघत होती. मार्केत्ता बादली घेऊन वरून एकेक विझवत खाली येत होती. राइली रडत नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "कुणाला घाई झालीय?"

आतून एस्को खोकत होता.

मार्केत्ता माझ्याकडे वळली. "जिवंत माणसाच्या दारात! तुझ्याकडे असं करतात का?"

"नाही," मी म्हटलं.

प्रश्न, 'तुझ्याकडे असं करतात का' हा होता. त्याचं उत्तर 'नाही' हेच आहे. हे मी घरी येईपर्यंत जिन्याच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला सांगितलं.

केतकी खालच्या वळणावर उभी होती. पैठणी, हातात फराळाचं ताट. तिला भाषा येत नाही. ती एकदा बादलीकडे बघत होती आणि एकदा माझ्याकडे.

रविवार, ३ नोव्हेंबर

सकाळी जाऊन त्यांना सांगितलं, त्या मेणबत्त्या कशाच्या ते. शार्दूल जागच्या जागी बसला. "डब्यावर इंग्रजीत काही नव्हतं हो," एवढंच पुन्हा पुन्हा. केतकी म्हणाली, "त्यांच्या दारात मी मुद्दाम दोन ठेवल्या. आजारी आहेत म्हणून. आयुष्य मिळावं म्हणून."

ती उठून न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी तिथेच सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. शार्दूलने चहा पुढे केला आणि मी तो प्यायले.

वर जाऊन राइलीची बेल वाजवली. उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. मी दुसऱ्यांदा वाजवली नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाही अगदी हलकेच वाजवली होती.

भाऊबीज. नंदूचा मिरजेहून फोन. "काय, तायडे, तुझं बरंय. शांत देश, शांत माणसं. इथे फटाक्यांनी जीव नकोसा केलाय." हो म्हटलं, शांत आहे.

जिन्यात अजून मेणाचा वास. त्याबद्दल कुणी फोन केला नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

मार्केत्ताने बुधवारी मंडळाची बैठक लावली. लेखी ताकीद द्यायची म्हणते. जिन्यात उघडी ज्योत, आगीचा नियम, आणि राइलीची तक्रार. सगळं कायद्यात बसतं. शार्दूल ऑफिसातून येताना भेटला, चेहरा उतरलेला. घरमालकाशी बोलला होता. करार डिसेंबरअखेर संपतोय. मालकाचं म्हणणं, "सोसायटीची लेखी ताकीद आली तर मी पुढे देणार नाही. मला भानगड नको." आणि बाळ जानेवारीत. नव्या माणसाला, पगाराच्या जेमतेम चार पावत्या असलेल्याला, डिसेंबरात घर कोण देणार?

"ताई, तुम्ही मंडळावर आहात ना," म्हणाला. मी "बघते" म्हटलं. किती वापरलाय मी हा शब्द.

बुधवार, ६ नोव्हेंबर

बैठक तळघरात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेजारच्या खोलीत. ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास. मार्केत्ताने पाव आणला होता, ताजा, वेलदोड्याचा. मंडळात ती, मी आणि हिशेब बघणारा तो तरुण, जो कायम टेबलाशी बोलतो. गव्हाण्यांना बाजू मांडायला बोलावलेलं. मी दुभाषी! मंडळावरही मी आणि दुभाषीही मीच. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मार्केत्ता आवाज चढवत नाही. तिचं सगळं गोडीत. "हे बघ, तू त्यांना सांग, आम्ही रागावलेलो नाही. पण टोपीवर क्रूस असतो. दिसत नाही का? आणि नाही कळलं तर विचारावं. वृंदा इथेच राहते, तिला विचारायचं होतं."

हे मला भाषांतर करून सांगायचं होतं. "वृंदाला विचारायचं होतं." मी मराठीत म्हटलं, "कुणाला तरी विचारायचं होतं, असं म्हणतेय ती."

पण 'वृंदा' तर ऐकू आलंच. केतकीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग कपाकडे बघून म्हणाली, "चूक आमची. आम्ही कुणाला विचारलं नाही. त्यांना सांगा, मी त्या आजोबांच्या पाया पडायला तयार आहे."

मी शब्दाला शब्द सांगितलं. मार्केत्ताने तोंड वाकडं केलं. "पाया? नको ग बाई. एस्कोला तेवढंच बाकी राहिलंय." हिशेबवाला टेबलाकडे बघून हसला.

मग मत. ताकीद द्यावी: दोघं. मी म्हटलं, मी मत देत नाही, माझ्या गावाकडचे आहेत, पक्षपात दिसेल. किती स्वच्छ कारण. सुती कापडासारखं इस्त्री केलेलं. मी मत दिलं असतं तरी दोघांपुढे एक पडलं असतं, हेही मी लगेच मोजून घेतलं.

उठताना मार्केत्ताच म्हणाली, "मला काही हौस नाही. तक्रार राइलीची आहे. कुणीतरी मुद्दाम केलं असं तिच्या डोक्यात बसलंय. रात्रभर जागी असते. तिने मागे घेतली तर मी पत्र फाडून टाकीन. पण आता तिच्याकडे जाऊन तो विषय कोण काढणार? मी तर नाही. शुक्रवारी सकाळी टपालात टाकते."

उरलेला पाव तिने मला बांधून दिला. मी घेतला. खाल्लाही. चांगला होता, याचाच जास्त वीट आला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

संध्याकाळी केतकी आली, फराळासाठी नेलेलं माझं पातेलं परत द्यायला. घासूनपुसून, आत चार चिरोटे. पातेलं रिकामं द्यायचं नसतं, हे ती अशा दिवसांतही विसरली नाही. बस म्हटलं तर उभीच राहिली.

मी विचारलं, "काल माझ्याकडे का बघत होतीस?"

"काही नाही हो."

"सांग."

"दुकानात तुम्ही आमची गाडी पाहिलीत ना, ताई. शार्दूल म्हणत होता, यावर क्रूस का आहे, त्या बाईंना विचारू या. मीच म्हटलं, ताईंनी बघितलं, हसल्या, हात केला. काही वावगं असतं तर त्या आल्या असत्या."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मग काल बोलली का नाहीस तिथे?"

"तुम्हाला इथेच राहायचंय," म्हणाली. "आम्ही काय, जाऊ कुठेतरी."

उद्या: राइलीचं दार वाजवायचं. जोरात. मार्केत्ता टपालाला निघायच्या आत.